पिण्याच्या पाण्याचा रकाना

टाकवे बुद्रुकच्या नथू आबांना फॉर्म भरायचा भारी शौक. पीकविमा असो, रेशनकार्ड असो, नाहीतर नुसती शिरगणती, आबा पडवीत घोंगडी टाकून बसणार, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसणार आणि समोरच्याला लिहायला लावून आपण ऐटीत उत्तरं देणार. सही मात्र स्वतःच्या हाताने, आणि तीही पूर्ण, वडलांच्या नावासकट. कागदावर आपण उभ्या जन्मात खोटं बोललो नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असत.

त्यामुळे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून चैताली नावाची मुलगी आठ पानांचा फॉर्म घेऊन आली, तेव्हा आबा खूश झाले.

प्रकरण असं होतं. आबांनी ओढ्याकडच्या शेतातली दोन गुंठे जागा गावाच्या नव्या विहिरीसाठी फुकट दिली होती. नळाला दिवसाआड पाणी येई, ते वरच्या आळीपर्यंत पोचता पोचता संपून जाई. आबांच्या त्या शेतात त्यांची जुनी विहीर होती, आणि ती कुठल्याच उन्हाळ्यात आटलेली नव्हती. तिच्याशेजारीच नवी मोठी विहीर खणायची आणि सगळ्या गावाला पाणी द्यायचं, असं ठरलं. आबांची अट एकच. विहिरीवर त्यांच्या बायकोचं, नंदाबाईंचं नाव लागलं पाहिजे. नंदाबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. भातकापणीच्या दिवसांत बांधावर भाकरी सोडता सोडता छातीत कळ आली आणि गेल्या. आयुष्यभर डोक्यावर पाणी वाहिलं बाईने, तिचं नाव पाण्यावर असावं, एवढंच आबांचं म्हणणं. नावाचा दगडही त्यांनी घडवून आणला होता आणि तो गोणपाटात गुंडाळून पडवीत भिंतीला टेकवून ठेवला होता.

विहिरीचा खर्च एक संस्था करणार होती. या संस्थेचा नियम असा, की खणण्याआधी त्या जमिनीवर गेल्या पन्नास वर्षांत काय काय झालं ते शोधायचं, माती आणि पाणी तपासायचं. ते काम चैतालीकडे होतं. आबांची सून, त्यांच्या सार्थकची बायको राजेश्वरी, गावची सरपंच, तिला घाई होती. महिनाअखेर अहवाल गेला नाही, तर विहीर दुसऱ्या गावाला जाणार होती.

"कुठली गं तू, बाय?" आबांनी चहा पुढे सारत विचारलं.

"इंदुरीची."

"इंदुरीत कुणापैकी?"

"विहाराच्या मागे घर आहे आमचं," चैताली म्हणाली आणि पेनाचं टोपण काढलं. "सुरू करू या, आबा?"

आबांना हवं होतं ते उत्तर मिळालं. त्यांनी मान हलवली. वाईट काही त्यांच्या मनात आलं नाही, पण पाठ जरा ताठ झाली, ती सवयीने.

या जमिनीवर कधी कारखाना होता का? न्हाई. वीटभट्टी? न्हाई. कोंबड्यांची शेड, गॅरेज, पेट्रोलपंप? न्हाई, न्हाई, न्हाई. मग काय होतं?

"भात. बापजाद्यापासनं भात. सातबारा काढून बग, दुसरं काय घावायचं न्हाई."

सातबारा चैतालीने आधीच काढला होता आणि त्यात खरंच दुसरं काही नव्हतं. तलाठ्याने दर वर्षी मागच्या वर्षीचं बघून पुढे 'भात' लिहिलेलं होतं.

"सातवा रकाना. नळ येण्याआधी तुमचं घर पिण्याचं पाणी कुठलं वापरायचं?"

इथे आबांनी घसा खाकरला. "आमचीच इहीर. पिढ्यान् पिढ्या. दुसऱ्याच्या पान्याला या घरानं कदी तोंड लावलं न्हाई. लिव तसंच."

चैतालीने मान वर न करता तसंच लिहिलं. आबांची आई कडक सोवळ्यातली होती. वरच्या आळीला लागून बौद्धांची वस्ती, तिथल्या बाया आबांच्या शेतात राबायच्या, पण पाणी प्यायच्या ते वस्तीमागच्या झऱ्याचं. आबांच्या विहिरीवर त्यांच्यापैकी कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. आमी कदी नगं म्हनलं न्हाई, असं आबा सांगत. या असंही कधी म्हटलं नव्हतं, ते मात्र सांगायचं राहून जाई.

मग दोघं शेतावर गेली. चैतालीने फोनवर उपग्रहाची जुनी चित्रं काढली होती. भर भादव्यात घेतलेली, सगळं शेत हिरवंगार, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला एक करडा तुकडा, टक्कल पडल्यासारखा. दहा वर्षांपूर्वीच्या चित्रात तो होता, वीस वर्षांपूर्वीच्या चित्रातही होता.

"तितं काय येत न्हाई. खाली खडक लागतो," आबा म्हणाले. हे त्यांनी आजवर इतक्या जणांना सांगितलं होतं की आता त्यांनाच ते खरं वाटायचं.

चैताली त्या तुकड्यावर जाऊन उभी राहिली. बाजूच्या शेतात कुणीतरी राब भाजत होतं. पावसाआधी रोपांच्या वाफ्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा पसरून जाळायचं, म्हणजे तण मरतं आणि भाताचं रोप जोमदार येतं. मावळातल्या पोरीला हे सांगावं लागत नाही. तिने त्या धुराकडे बघितलं, मग पायाखालच्या तुकड्याकडे बघितलं. तुकडा चौकोनी होता, आजूबाजूपेक्षा वीतभर उंच, आणि चारी बाजूंनी जुना बांध.

"आबा, हा तर राबाचा वाफा आहे. खडकावर कोण राब करतं?"

तिने पिशवीतून लांब दांड्याचं गिरमिट काढलं आणि दोन्ही हातांनी फिरवत जमिनीत घातलं. ते कोपरभर गेलं, पुरुषभर गेलं, खडक काही लागला नाही. वर आली ती काळी चिकट माती. तिला गॅरेजच्या फरशीसारखा वास येत होता.

"खडक कुठं आहे, आबा?"

"पूर्वी राब व्हता हितं. मंग सोडला."

"का सोडला?"

"असंच."

चैतालीने माती बाटलीत भरली, चिठ्ठी लावली आणि बर्फाच्या डब्यात ठेवली. मग तिने साधाच प्रश्न विचारला. "राब भाजायला तुमच्याकडे कोण असायचं?"

"बाया असायच्या. वस्तीतल्या."

"आता त्यांतलं कोणी आहे?"

"हिरा हाय. पर तिला काय ठावं? ती आपली सांगंल त्ये काम करायची."

"मला तिला भेटायचंय," चैताली म्हणाली आणि चालायला लागली. आबा मागोमाग निघाले. एकटीला जाऊ देणं त्यांना बरं वाटेना.

हिरामावशी ओट्यावर वाल सोलत बसली होती. आबांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, मुलगा लोणावळ्याला रेल्वेत, घर पक्कं, रंग दिलेलं. आबांना दारात बघून तिने खुर्ची आणवली. आबा तीस वर्षांत या ओट्यावर दोनदा आले होते, दोन्ही वेळा मजूर सांगायला, आणि दोन्ही वेळा उभ्या उभ्या.

"मावशी, आबांच्या खालच्या राबात काय भाजायचात?" चैतालीने विचारलं.

"काय म्हंजी? श्यान, टहाळ, गवात." हिराने आबांकडे एकदा बघितलं. "आन् एक साल त्यो काळा भुसा."

"कसला भुसा?" चैतालीने वही उघडली.

"कंपनीतला. मशिनीखाली सांडल्यालं त्याल त्या लाकडाच्या भुश्शानं पुसायचे न् त्यो फेकायचे. लॉरीवाला फुकाट टाकून गेलता. लय झ्याक पेटायचा. शेजारच्याचा राब इझायचा, आमचा न्हाई इझायचा. हातानं पसरला आमी बायांनी. म्हैनाभर हाताला फोड आलते, नंदाबाईनं खोबऱ्याल लावलं आमाला."

"कोणत्या वर्षी?"

"ह्येंचा सार्थक दुसरीत व्हता बगा. त्या साली रोप आलं बरं. पुढच्या साली पिवळं पडलं, मंग काय उगवलंच न्हाई."

आबा उठून उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. "हिरे, तुला कुनी इचारलं न्हाई येवढं! तीस वर्सं झाली. येक साल चार पाट्या भुसा जाळला, त्येचं काय इतकं? गावाची इहीर व्हतीय, तुज्या नातवंडास्नी पानी मिळंल, नंदाचं नाव लागंल. त्यात इघ्न आनतीयेस?"

हिराने वालाची परात बाजूला ठेवली. ती आवाज न चढवता बोलली. "भाऊ, तिनं ज्या पान्याला तोंड लावलं न्हाई, त्या पान्यावर तिचं नाव घालताय?"

"काय?"

"शब्द दिला व्हता मी तिला, म्हून गप ऱ्हायले. त्या भुश्शाच्या साली पाऊस झाला न् हिरीला राकेलाचा वास सुटला. तिनं तुमास्नी सांगितलं. तुमी काय म्हनला?"

काय म्हटलं ते आबांना त्या क्षणी लख्ख आठवलं. नाकाचं लय कौतुक करू नगंस, असं ते म्हणाले होते. जेवताना. आई शेजारी बसली होती आणि हसली होती. दुसऱ्या दिवसापासून नंदाने वासाचं नाव काढलं नव्हतं, आणि आबांनी समजूत करून घेतली की वास गेला.

"आठ दिस तिनं तुरटी फिरवून बगितली," हिरा सांगत होती. "मंग येक दिस पहाटंचं हंडा घिऊन झऱ्यावर आली. लांब उभी ऱ्हायली. म्हनली, हिरा, भरू का? म्या म्हनले, भर की. पानी का आमचं हाय, डोंगराचं हाय. माजी सासू लय करवादली, की ह्ये आपल्याला हिरीवर येऊ देत न्हाईत, आन् तू त्येंना झरा देतीस. पर नंदाबाई रोज आली. नळ येस्तवर. ढोरांना, धुन्याला हिरीचं, प्यायाला झऱ्याचं. म्हनली, ह्येंना न् सासूबाईंना सांगू नगं. सासूबाई पानी टाकतील न् ह्ये मला टाकतील."

चैतालीचं पेन थांबलं होतं. आबा खुर्चीच्या पाठीला धरून तसेच उभे होते. मग ओट्यावरून उतरले आणि चालू लागले, आणि त्यांची टोपी खुर्चीवरच राहिली.

आबांच्या घराकडून निघालं की बांधाशी वाट फुटते. डावीकडे विहीर, उजवीकडे वर वस्तीचा झरा. आबा त्या फाट्यावर येऊन थांबले. बायको रोज पहाटे रिकामा हंडा घेऊन जायची आणि भरलेला घेऊन यायची, एवढं त्यांना माहीत होतं. ती इथून डावीकडे वळते की उजवीकडे, हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. पाणी भरणं हे बायकांचं काम. शेतातला प्रत्येक दगड ओळखणाऱ्या माणसाला नळ येईपर्यंतची चौदा वर्षं आपण कुठलं पाणी प्यालो ते ठाऊक नव्हतं. त्यांना हिराचा राग आला, मग नंदाचा आला, आणि तो घरी पोचेपर्यंत कसाबसा टिकला.

राजेश्वरी पंचायतीतून आली होती. "आबा, झालं का? काय म्हणाली ती?"

"नंदा झऱ्याचं पानी आनायची, तुला ठावं व्हतं?"

राजेश्वरी घाईत होती, पण त्यांचा आवाज ऐकून ती थांबली. "नाही. मी आले तेव्हा नळ होता. पण दर भीमजयंतीला सासूबाई हिरामावशीकडे पोळ्या घेऊन जायच्या. कुठं निघालात विचारलं, तर म्हणायच्या, पाण्याला जाऊन येते. मला वाटायचं, बोलायची पद्धत असेल."

आबा पडवीतल्या त्या गोणपाटाशेजारी जाऊन बसले. आतला राग एव्हाना ओसरला होता आणि त्याच्या जागी लाज आली होती. नंदाने हंडा डोक्यावर घेऊन चढ चढावा, त्यांच्या आईने ते पाणी देवाला दाखवून प्यावं, आबांनी तांब्या तोंडाला लावून ढेकर द्यावा, आणि बाईने तोंडातून अवाक्षर काढू नये. सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं, हे आबांना नेमकं माहीत होतं. म्हणून तर लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चैताली विहिरीचं पाणी घ्यायला आली, तेव्हा आबा आधीच शेतात काठी टेकून उभे होते. राजेश्वरीही आली होती.

"हितं खना," आबांनी काठी जमिनीवर आपटली.

"इथं? वाफा तर तिकडं आहे," चैताली म्हणाली.

"भुश्शाच्या दोन लॉऱ्या आलत्या. येक जाळली. दुसरी भाजायची ऱ्हायली न् पाऊस लागला. घराच्या भिंतींसाठी माती काढल्याला खड्डा व्हता हितं, त्यात लोटला समदा, वर माती वढली. म्या येकट्यानं. हिरालाबी ठावं न्हाई ह्ये."

विहीर तिथून पन्नास पावलांवर, उतारावर होती. राजेश्वरीने ते अंतर डोळ्यांनी मोजलं आणि तिचा चेहरा पडला. "आबा, हे कागदावर गेलं तर विहीर होणार नाही. नीट विचार करा."

"केला. तुजी सासू नाकानं वळखून ग्येली, मला त्वांडानं सांगून कळलं न्हाई. आता गावाला पाजू का?"

गिरमिट दोन हात खाली गेलं आणि काळा भुसा वर आला. तीस वर्षांनंतरही ओला, तसाच तेलकट. राजेश्वरीने नाकाला पदर लावला.

बाराव्या दिवशी तपासणीचा निकाल आला. वाफ्याच्या मातीत शिसं आणि क्रोमियम, विहिरीच्या पाण्यात तेल आणि यंत्रं धुवायच्या औषधाचा अंश. पिण्यास अयोग्य, गुरांनाही देऊ नये. चैतालीने ते पडवीत बसून वाचून दाखवलं, कुठलाही शब्द जड न करता. हिरामावशीलाही बोलावलं होतं. तिच्यासाठी आबांनी स्वतः खुर्ची आणली आणि आपण घोंगडीवर बसले. हिराने आणलेली टोपी त्यांनी मुकाट डोक्यावर ठेवली.

"तीस वर्सांनीबी ग्येलं न्हाई?" आबांनी विचारलं.

"जाणार कुठं? खाली चिकणमाती आहे, तिनं धरून ठेवलं."

"मग विहीर गेली," राजेश्वरी म्हणाली.

"का जाईल? वरचं शेत घ्या. वस्तीला लागून हाय त्ये, माजा आत्ताचा राब. दोन गुंठं तितं देतो."

"तिथं पाणी लागेल?" चैतालीने विचारलं. "चांगलं असेल?"

"असंल. चौदा वर्सं म्या त्येच पेलोय."

चैताली हसू आवरत म्हणाली, की तपासावं लागेलच, पण ते शेत चढावर आहे, खालची घाण वर जायची नाही. मात्र एक गोष्ट आत्ताच सांगते, तिथं मोठी विहीर खणली तर मावशींचा झरा कमी होऊ शकतो. वस्तीला विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

सगळ्यांनी हिराकडे बघितलं. हिराने पदर सारखा केला. "इचारा की समद्यांस्नी. मला इचाराल तर, झरा आटला तर हिरीवर येऊ. आता कोन आडवतंय?"

आबांनी मान खाली घातली. मग त्यांनी चष्मा पुसला आणि हात पुढे केला. "त्यो फारम आन हिकडं."

"तो भरून झालाय, आबा. सहीपण झाली."

"सातवं काय हाय त्ये वाच."

चैतालीने पान काढलं आणि वाचलं. "पिण्याचं पाणी : स्वतःची विहीर, पिढ्यान् पिढ्या. दुसऱ्याच्या पाण्याला या घराने कधी तोंड लावलं नाही."

"खोड त्ये."

तिने खोडलं.

"लिव. सार्थक दुसरीत व्हता तवापासनं नळ येस्तवर, चौदा वर्सं, या घरानं वस्तीच्या झऱ्याचं पानी पेलं. नंदाबाईनं आनलं. हिरानं भरू दिलं."

चैतालीने लिहिलं. रकाना लहान होता, अक्षर बारीक काढावं लागलं. तिने कागद सहीसाठी त्यांच्यापुढे धरला, पण आबांनी पेन घेतलं नाही. ते पडवीतल्या कोनाड्यात लावलेल्या आईच्या फोटोकडे बघत होते. कपाळभर कुंकू, डोक्यावरून पदर, ओठ घट्ट मिटलेले.

"आनि लिव," ते म्हणाले, "माज्या आईनंबी पेलं."

"आबा, 'या घरानं' म्हटलं त्यात त्या आल्याच. त्यांचं वेगळं नाव या रकान्यात लागत नाही."

"लागत नसंल. लिव तरी."

तिने समासात लिहिलं. आबांनी ते स्वतः वाचून बघितलं, आणि मग खाली पूर्ण सही केली, वडलांच्या नावासकट.